नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठी भाषेत एक अनुस्वार केवढा उलटफेर करतो ते पाहा. 'नाव ठेवणं' हा एक मंगल विधी आहे. तो माणसाच्या आयुष्यात एकदाच होतो, बाराव्या दिवशी, घुगऱ्यांच्या साक्षीने. 'नावं ठेवणं' हा मात्र आयुष्यभराचा उद्योग. त्याला मुहूर्त लागत नाही, गुरुजी लागत नाहीत आणि घुगऱ्या तर नाहीतच. आमच्या घरी गेल्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दिवाणखान्यात आणि एकाच आवाजात पार पडल्या. कारण आम्हाला नात झाली.

नात झाल्याच्या तिसऱ्या दिवशी चिरंजीव आणि सूनबाई माझ्यासमोर येऊन बसले. "बाबा, आम्हाला ट्रॅडिशनल नाव हवंय," चिरंजीव म्हणाले. 'पारंपरिक' हा शब्द आता पुरेसा पारंपरिक वाटत नाही, त्यामुळे तो इंग्रजीत सांगावा लागतो. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. घरात त्याचा कुणाला कधी उपयोग झालेला नव्हता, तेव्हा ही कामगिरी माझ्याकडे येताच मला निवृत्तीनंतर पुन्हा नेमणूक झाल्यासारखं वाटलं.

अटी फार नव्हत्या. नाव जुनं हवं, पण जुनाट नको. छोटं हवं. आमच्या इमारतीत दुसऱ्या कुणाचं नको. अमेरिकेतल्या मामाच्या शेजाऱ्यांना उच्चारता यावं. लाडाने तोडलं तरी विद्रूप होऊ नये. आमच्या हिची अट, देवीचं असावं. विहीणबाईंनी मोबाईलवर चार हजार नावांची यादीच उघडली. त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे अर्थ दिलेला होता, आणि मी नीट पाहिलं तेव्हा सगळ्या नावांचे मिळून अर्थ तीनच निघाले: लक्ष्मीचं एक नाव, दुर्गेचं एक नाव आणि सूर्याचा पहिला किरण.

त्यात गुरुजींनी पत्रिका मांडली. मुलगी आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेली. आर्द्रेची अक्षरं कु, घ, ङ, छ. म्हणजे आमच्या वाट्याला आला 'ङ'. हा 'ङ' मला शाळेपासून ओळखीचा आहे. तो वाङ्मयात असतो, पण मध्ये कुठेतरी, अंग चोरून. शब्दाच्या सुरुवातीला येण्याची हिंमत त्या बिचाऱ्याने मराठीत कधी केलेली नाही. "हे नावरस नाव पत्रिकेपुरतं," गुरुजी हसून म्हणाले, "व्यवहारातलं तुमच्या पसंतीचं ठेवा." आमचे पूर्वज किती व्यवहारी होते हे तेव्हा कळलं. ग्रहांसाठी एक नाव, माणसांसाठी दुसरं. ग्रहांनी आपापसात काय हाक मारायची ते त्यांनी पाहावं.

मी पुस्तकं काढून बसलो. परंपरा हवी ना, मग मुळापासूनच सुरुवात करू. पारस्कर गृह्यसूत्रात नावांचे नियम दिलेले आहेत. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं. मुलीचं विषम अक्षरांचं आणि आकारान्त. तीन किंवा पाच अक्षरं आणि शेवटी 'आ'. मनुस्मृती सांगते, स्त्रीचं नाव उच्चारायला सोपं, कानाला गोड, स्पष्ट अर्थाचं, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं. इथवर मनू आणि सूनबाई यांचं एकमत होतं. अमेरिकेतला शेजारी सोडला तर मनूनेही याच अटी घातल्या होत्या.

घोटाळा पुढच्या अध्यायात आहे. कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी देताना मनू म्हणतो, जिचं नाव नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं किंवा सापाचं असेल तिच्याशी करू नये. मी हे मोठ्याने वाचलं आणि आमच्या जुन्या वाड्यातल्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. गंगाकाकू, गोदूमावशी, कृष्णाबाई, भागीरथीबाई, चंद्रभागा. आमच्या वाड्याच्या नळावर सकाळी हिंदुस्थानच्या झाडून सगळ्या नद्या भांडत असत, आणि नळाला मात्र पाणी नसे. शिवाय रोहिणी आणि रेवती ही नक्षत्रं, मैना आणि कोकिळा हे पक्षी आणि नागूबाई हा सर्प. मनूचं ऐकलं असतं तर महाराष्ट्रात लग्नंच झाली नसती. आपल्या लोकांनी मनूला नमस्कार केला, पोथी सोवळ्यात गुंडाळून फडताळात ठेवली आणि मुलीचं नाव गोदावरी ठेवलं. परंपरा म्हणतात ती हीच असावी.

"तुमचं स्वतःचं काय?" ही आतून म्हणाली. मी गप्प बसलो. का, ते पुढे येईलच.

मग मी महाराष्ट्रातल्या जुन्यात जुन्या नावांकडे वळलो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. त्यात एका राणीने केलेल्या यज्ञांचा आणि गाई, हत्ती, घोडे, कार्षापण अशा दानांचा हिशेब आहे. तिला इतिहासकार नागनिका म्हणतात. तिथल्या प्राकृत अक्षरांत ती 'नायनिका' आहे. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. पुतळे केव्हाच फुटून नाहीसे झाले. नावं राहिली. शाळेच्या सहली नेताना हे मी पोरांना दरवर्षी सांगत असे आणि पोरं दरवर्षी डबा कधी खायचा ते विचारत असत.

नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचं कौतुक तिने त्यात असं भरभरून केलं आहे की कुठल्याही मराठी आईने वाचावं आणि धडा घ्यावा. तिच्या मुलाचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी, नातवाचं वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमी, वासिष्ठी ही आईकडच्या गोत्रावरून आलेली नावं. म्हणजे महाराष्ट्राचे सम्राट दोन हजार वर्षांपूर्वी आधी आईचं नाव सांगत होते. आपल्या सरकारने २०२४ साली निर्णय घेतला की, त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं. तेव्हा काही लोकांनी "हे काय नवीन खूळ!" असं म्हणून नाकं मुरडली. खूळ असेल, पण नवीन नाही.

वाकाटकांची प्रभावतीगुप्ता तर आणखी पुढची. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी विदर्भात सून म्हणून आली, लवकर विधवा झाली आणि लहान मुलाच्या नावाने कारभार पाहू लागली. तिचा एक ताम्रपट पुण्यात सापडला. त्यात तिने वंशावळ दिली आहे ती माहेरची आणि गोत्र सांगितलं आहे तेही माहेरचं, धारण. सूनबाईंनी लग्नानंतर आडनाव बदललं नाही तेव्हा आमच्या एका काकांनी 'हल्लीच्या मुली' या विषयावर अर्धा तास भाषण दिलं होतं. हल्लीची ही मुलगी सोळाशे वर्षांपूर्वीची आहे, हे मला त्या वेळी सुचलं असतं तर किती बरं झालं असतं!

"प्रभावती?" मी आशेने विचारलं.

"पी. जी. म्हणतील वर्गात," चिरंजीव म्हणाले.

मी यादवकाळात उतरलो. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या भोवती बायकांचा केवढा मेळा आहे! महदाइसा, आउसा, उमाइसा, देमाइसा, एल्हाइसा. यातली महदाइसा, म्हणजेच महदंबा, ही मराठीतली आद्य कवयित्री. धवळे रचणारी, आणि प्रश्न विचारून विचारून स्वामींना बोलतं ठेवणारी. 'एल्हाइसा' मला फार आवडलं. सूनबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि "परदेशी वाटतं," म्हणाल्या. शुद्ध मराठी वस्तूची हीच गंमत आहे. ती फार शुद्ध असली की परदेशी वाटते.

पुढे संतांच्या घरातली माणसं आली. नामदेवांची आई गोणाई, बायको राजाई, त्याच घरातली जनाबाई, आळंदीची मुक्ता, चोखोबांच्या सोयराबाई आणि बहीण निर्मळा. मग शिवाजीमहाराजांच्या सहा मुली: सखू, राणू, अंबिका, दीपा, राजकुंवर, कमळा. चोखोबांच्या घरात सोयरा आणि रायगडावरही सोयरा. नाव तेच, एकीला देवळाची पायरीही शिवता येत नव्हती आणि दुसरी राज्याभिषेकाला शेजारी बसली. नावाने माणसाचं नशीब ठरतं म्हणणाऱ्या मंडळींनी याचा खुलासा करावा.

अलीकडच्या काळात नावं पोथीतून न येता नाटकातून येऊ लागली. लता मंगेशकरांचं पाळण्यातलं नाव हेमा. वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून त्या लता झाल्या. देवलांच्या 'शारदा' नाटकाने १८९९ साली म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख दाखवलं, आणि १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला तोही 'सारडा कायदा'. तो ज्यांनी मांडला त्या हरबिलास सारडांवरून ते नाव पडलं, पण आपल्याकडच्या कित्येक आज्या तो 'शारदा कायदा' नाटकवालीचाच समजत. इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून तिथल्या नदीचं नाव मिळालं. पुन्हा नदी! मनूचा तिथेही कुणी विचार घेतला नाही.

इथपर्यंत बैठक मजेत चालली होती. जुनं ते सोनं, अशा थाटात मी एकेक नाव काढत होतो आणि ही मंडळी त्याला नावं ठेवत होती. तेवढ्यात सूनबाईंनी सहज विचारलं, "बाबा, सगळी जुनी नावं अशी छानच होती का हो?"

नव्हती. 'नकोशी' हेसुद्धा पारंपरिकच नाव आहे. मुलाची वाट पाहताना पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल, ही समजूत. दगडू आणि धोंडू ही नावंही ओबडधोबड, पण त्यांत पोर जगावं म्हणून दैवाला फसवण्याची माया होती. 'नकोशी'त तीही नाही. शाळेच्या पटावर, रेशनकार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे तेच. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना शोधून काढून, एका समारंभात नवी नावं दिली गेली. बारसं दुसऱ्यांदा झालं, आणि या खेपेला नाव ठेवून घेणारी स्वतः पाळण्याबाहेर उभी होती. काही मुलींनी आपलं नाव आपणच निवडलं.

मी हे सांगितल्यावर दिवाणखान्यात कुणी काही बोललं नाही. पाळण्यातली मंडळी तेवढी बोलली, पण ती भुकेबद्दल.

मग विषय बदलावा म्हणून मी बदललेल्या नावांकडे वळलो आणि तिथे स्वतःच अडकलो. आपल्याकडे लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका झाशीला जाऊन लक्ष्मीबाई झाली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, त्याही माहेरच्या मनकर्णिका. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई, त्या झाल्या आनंदीबाई. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली, तिची नायिकाही यमुनाच. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात घरोघर यमुना जन्माला येत होती आणि मांडवातून बाहेर पडेपर्यंत लुप्त होत होती. भूगोलात लुप्त झालेली नदी सरस्वती असं शिकवतात. ते दुरुस्त करायला हवं.

"सांगा ना आता," ही बाहेर येऊन म्हणाली. तेव्हा सांगतो. १९८० साली मीही तांदळात अंगठी फिरवली आहे. हिचं माहेरचं नाव शकुंतला. मी लिहिलं 'अनुराधा'. का? मला आवडायचं म्हणून. तिला विचारलं होतं का? तशी पद्धत नव्हती. शकुंत म्हणजे पक्षी, आणि अनुराधा हे नक्षत्र. एका पाखराचं मी नक्षत्र करून टाकलं आणि मनूची दोन कलमं एका दमात मोडली.

"आणि तुमच्या आईचं?" सूनबाईंनी विचारलं. "लक्ष्मीआजींचं माहेरचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. शिवाजीमहाराजांच्या सहा मुलींची नावं मला पाठ. वासिष्ठीपुत्र पुळुमावी झोपेत विचारा. आणि माझ्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. ती गेली १९९४ साली. एकेचाळीस वर्षं मी तिला 'आई' म्हटलं, वडिलांनी 'अगं' म्हटलं, शेजारच्यांनी 'वहिनी' म्हटलं. रेशनकार्डावर ती लक्ष्मीबाई होती. त्याच्या आधी ती कोण होती, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. मी इतिहासाचा मास्तर.

आईच्या पिढीतलं एकच माणूस आता उरलं आहे, वाईची मावशी. वय त्र्याण्णव. तिला फोन लावला. "अक्काचं नाव?" मावशी म्हणाली, "अक्का." मी म्हटलं, "मावशी, ते तू म्हणायचीस. पाळण्यातलं काय?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मला नाही रे आठवत. पण बाबांनी लग्नात तिला पितळेचा डबा दिला होता. त्यावर नाव घालून दिलं होतं. मी रडले होते, मला डबा नाही म्हणून."

तो डबा आमच्या माळ्यावर होता. त्यात ही अनेक वर्षं जुन्या पणत्या ठेवत आली आहे. चिरंजीवांनी तो खाली काढला. काळाठिक्कर पडला होता. हिने चिंच लावून घासायला घेतला, आणि आम्ही चौघं सिंकभोवती असे उभे राहिलो की नाणेघाटात संशोधकही तसे उभे राहिले नसतील. आधी ठिपके दिसले. मग ठिपक्यांची अक्षरं झाली. 'चि. यमुना. सन १९४५.'

आणि मला एकदम मामा आठवला. दर भाऊबीजेला तो यायचा, आणि दारातूनच ओरडायचा, "यमे, पाट मांड!" आम्हा पोरांना वाटायचं, मामा आईला यम म्हणून चिडवतो. आम्हीही एकदा तिला 'यमे' म्हणून चिडवलं होतं. ती रागावली नव्हती. उलट पदराला हात पुसत कितीतरी वेळ हसत होती. भाऊबीजेलाच यमद्वितीया म्हणतात. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! वर्षातून एक दिवस, एका माणसाच्या तोंडून, तिला स्वतःचं नाव ऐकायला मिळत होतं. मामा १९७१ साली गेला. त्यानंतर तेही बंद झालं.

नाव कुणी सुचवलं ते सांगता येणार नाही. मी तर सुचवलंच नाही. माझा आवाज तेव्हा बरोबर नव्हता. सूनबाईंनी डबा हातात घेतला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि पाळण्याकडे पाहून म्हणाल्या, "यमुना." एवढंच.

मग मी शास्त्रार्थ तपासला. अक्षरं तीन, म्हणजे विषम. आकारान्त. उच्चारायला सोपं. पारस्करांची परीक्षा पास. मनूच्या पहिल्या पेपरात पास. दुसऱ्यात, नदी असल्यामुळे, साफ नापास. इमारतीत दुसरी यमुना नाही. अमेरिकेतल्या शेजाऱ्याला मामाने म्हणायला लावलं. त्याने पहिल्या खेपेला बरोबर म्हटलं, आणि अर्थ विचारला. मामाने सांगितलं, लक्ष्मीचं एक नाव. आमच्या घरापुरतं ते खरंही होतं.

बारशाला नागपूरहून आत्या आली. पाळण्याशी वाकून तिने कानात 'कुर्र्र' केलं, नाव सांगितलं, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की नाव तिच्याच कायमचं लक्षात राहिलं असावं. वाईच्या मावशीला फोनवरून ऐकवलं. ती म्हणाली, "हां, यमू! मी म्हणतच होते." घुगऱ्या त्या पितळी डब्यातून वाटल्या.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी नोंदणीचा अर्ज भरला. आधी यमुना, मग तिच्या आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. सूनबाईंचं पाळण्यातलं नाव कुणी बदललेलं नव्हतं, त्यामुळे ते तसंच्या तसं लिहिता आलं. अर्ज माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आला. मी तो जरा जास्तच वेळ तपासला.

त्यानंतर आलेल्या पाहुण्यांनी रीतसर नावं ठेवली. फार जुनं आहे, म्हातारीचं वाटतं, हल्ली कोण ठेवतं. मी सगळ्यांना घुगऱ्या दिल्या. नावं ठेवायची त्यांनी ठेवावीत, नाव आम्ही ठेवलं आहे. आणि काल संध्याकाळी मी आत हाक मारली, "शकुंतला, चहा देतेस का?" आतून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग आवाज आला, "पंचेचाळीस वर्षांनी चहासाठी आठवण झाली वाटतं!"

चहा मात्र आला. साखर थोडी जास्त होती.